तिरक्या कडेच्या स्लॅबचा भार बीमवर उतरवताना

लातूरमधील एका तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्याच्या कडेला वाघमुखी प्लॉट आहे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला रुंद आणि मागे निमुळता. त्यावर तळमजला आणि वर तीन मजले अशी आरसीसी इमारत उभी राहत आहे. दर्शनी बीम दोन कॉलमांमध्ये सरळ जातो, पण स्लॅबची कड रस्त्याची रेषा धरून तिरकी जाते, त्यामुळे ४.५० मीटर लांबीच्या या बीमच्या एका टोकाला स्लॅब ०.४५ मीटर आणि दुसऱ्या टोकाला १.५० मीटर बाहेर येतो. स्टॅड प्रो या इमारतीवरील बलांचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फ्लोअर लोड (मजल्याचा भार) दिल्यावर या बाहेरच्या भागाचा भार कुठेच दिसला नाही. मग कडेने डमी बीम (फक्त मॉडेलमधले, जागेवर नसलेले) टाकले, तेव्हा भार दिसू लागला, पण त्या भागामुळे दर्शनी बीममध्ये येणारे नमन, म्हणजे वाकवणारा परिणाम, हाताने केलेल्या हिशेबाच्या निम्म्याहूनही कमी निघाले. यांतले खरे काय मानावे, आणि आठ दिवसांवर आलेल्या स्लॅबसाठी २३० × ४५० मिलिमीटरचा बीम चालेल का?

या दोन्हींपैकी एकही मॉडेल तुमच्या इमारतीचे नाही. पहिल्यात भार हरवला आहे, आणि दुसऱ्यात तो जागेवर अस्तित्वातच नसलेल्या बीमांवरून परस्पर कॉलमांपर्यंत गेला आहे. माझ्या मते दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण त्यात एकूण रिअॅक्शनची (आधारांवर येणाऱ्या बलांची) बेरीज बरोबर येते आणि तपासणाऱ्याचे समाधान होते.

पहिली गोष्ट आधी पाहू. फ्लोअर लोड देताना आपण मजल्याची उंची आणि क्षेत्राची मर्यादा सांगतो. प्रोग्रॅम त्या मर्यादेतले मेंबर (मॉडेलमधले बीम) पाहून त्यांनी वेढलेली बंद पॅनेल शोधतो आणि प्रत्येक पॅनेलचा भार त्याच्या भोवतालच्या बीमांवर वाटतो. ज्या भागाच्या चारही बाजूंना मेंबर नाहीत तो भाग त्याच्या लेखी मजल्याचा भागच नसतो. बाहेर आलेल्या स्लॅबला एकाच बाजूने बीम असतो, म्हणून तो वगळला जातो. याच कारणाने आतली पॅनेलही कधीकधी निसटतात. तिरक्या प्लॉटचा नकाशा ड्रॉइंगमधून आणताना दोन बीमांची टोके काही मिलिमीटरने चुकलेली असतात, किंवा तिरका बीम दुसऱ्या बीमला जिथे छेदतो तिथे नोडच (सांध्याचा बिंदू) तयार झालेला नसतो; डोळ्यांना पॅनेल बंद दिसते, प्रोग्रॅमला ते उघडे असते. उलट जिन्याची मोकळी जागा आणि डक्ट चहूबाजूंनी बीमांनी वेढलेले असल्यामुळे त्यांच्यावर मात्र भार बसतो. काटकोनी इमारतीत या गोष्टी चटकन लक्षात येतात, तिरक्या इमारतीत येत नाहीत.

आता डमी बीमांचे. तुम्ही दोन्ही कॉलमांपासून बाहेर दोन लहान मेंबर काढले, त्यांची टोके तिसऱ्या मेंबरने जोडली आणि पॅनेल बंद केले. प्रोग्रॅमने त्या पॅनेलला चारही बाजूंनी आधार आहे असे मानून भार चौघांत वाटला. समजण्यासाठी सगळीकडे १.२० मीटर बाहेर येणारा स्लॅब घेतला, तर कोपऱ्यांच्या दुभाजक रेषांनी होणाऱ्या वाटणीत ५.४० चौरस मीटरपैकी फक्त २.३४ चौरस मीटरचा भार खऱ्या बीमवर येतो, म्हणजे सुमारे ४३ टक्के. उरलेला भार डमी मेंबरांवरून थेट कॉलमांत उतरतो. प्रत्यक्षात बाहेरचा स्लॅब पूर्णपणे दर्शनी बीमवरच तोललेला आहे, तेव्हा शंभर टक्के भार बीमवरच यायला हवा. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बाहेरच्या भारामुळे बीमला जो पीळ (टॉर्शन) पडतो, तो या मॉडेलमध्ये बीममध्ये दिसतच नाही. तो डमी मेंबरांच्या मुळाशी नमन होऊन कॉलमला मिळतो, त्यामुळे कॉलमांचे आकडे पटण्यासारखे दिसतात आणि बीम मात्र साध्या नमनासाठी डिझाइन होऊन जातो. कडेला खरोखर बीम घालणार असाल आणि तो कॉलमांतून काढलेल्या खऱ्या कॅन्टिलिव्हर (एकाच टोकाला धरलेल्या) बीमांवर टेकणार असेल, तरच ही मांडणी योग्य ठरते.

अशा वेळी मी आतल्या पॅनेलांसाठी फ्लोअर लोड ठेवतो आणि बाहेर आलेल्या भागाचा भार कागदावर काढून मेंबर लोड म्हणून स्वतः देतो. काम थोडे वाढते, पण भार कुठून कुठे जातो हे आपल्याला ठाऊक राहते. तुमचेच आकडे घेऊ. स्लॅब १५० मिलिमीटर जाड. काँक्रीट २५ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरल्यास स्वतःचे वजन ३.७५, फ्लोअरिंग आणि खालचे प्लास्टर मिळून १.२५, म्हणजे कायमचा भार ५.० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. राहत्या घराच्या बाल्कनीसाठी आयएस ८७५ या भारांविषयीच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात ३.० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर इतका वापराचा भार सांगितला आहे, खोलीचे २.० इथे चालवू नयेत. बीमच्या मध्यरेषेपासून मोजले तर कायमचा भार एका टोकाला ५ × ०.४५ म्हणजे २.२५ आणि दुसऱ्या टोकाला ५ × १.५० म्हणजे ७.५० किलोन्यूटन प्रति मीटर येतो, मध्ये सरळ रेषेत वाढतो. एकूण २१.९ किलोन्यूटन होतात आणि स्लॅबचे क्षेत्रफळ ४.३९ चौरस मीटर गुणिले ५ केले तरी तेच येतात.

पुष्कळ जण इथे सरासरी रुंदी घेऊन ४.८८ चा समान भार देऊन मोकळे होतात. एकूण बेरीज तीच येते, पण साध्या आधारांवर धरल्यास रुंद टोकाच्या कॉलमवर १२.९ ऐवजी ११.० किलोन्यूटन जातात. एका मजल्याला हा फरक लहान वाटतो. चार स्लॅबांचा मिळून, आणि तोही बहुधा कोपऱ्याच्या कॉलमवर, तो तसा राहत नाही. समलंब भार देण्याची सोय प्रोग्रॅममध्ये असताना सरासरी वापरण्याचे कारणच उरत नाही.

कठड्याचा भार विसरू नये. ११५ मिलिमीटर जाडीची एक मीटर उंच विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह सुमारे २.८ किलोन्यूटन प्रति मीटर भरते. ती तिरक्या कडेवर उभी आहे आणि त्या कडेची लांबी ४.६२ मीटर आहे, म्हणून बीमच्या प्रत्येक मीटरवर २.८७५ येतात. तिरकेपणा वाढत गेला की हा फरक वाढतो.

यानंतर पिळाचा हिशेब, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. भार रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण पीळ रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. स्लॅबच्या कायमच्या भाराने अरुंद टोकाला ०.५ आणि रुंद टोकाला ५.६ किलोन्यूटन-मीटर प्रति मीटर इतका पीळ पडतो, म्हणजे सव्वातीनपट रुंदीला अकरापट पीळ. दोन टोकांच्या मध्ये सरळ रेषा धरली तर एकूण पीळ सुमारे १८ टक्के जास्त निघतो. ही चूक सुरक्षित बाजूची असल्यामुळे लहान कामात मी ती चालवून घेतो. बदलता पीळ थेट देता येत नसेल, तर बीमचे दीड-दीड मीटरचे तीन भाग करून प्रत्येक भागावर त्याचा सरासरी पीळ द्यावा. सगळा हिशेब मांडला तर स्लॅबचा कायमचा भार ११.७, वापराचा भार ७.० आणि कठडा १२.६ असा एकूण ३१.४ किलोन्यूटन-मीटर पीळ या एका बीमवर येतो. एक मीटर उंचीचा कठडा संपूर्ण स्लॅबच्या कायमच्या भारापेक्षा जास्त पीळ देतो, कारण तो सर्वांत लांब उभा आहे.

हा सगळा पीळ बीमनेच घ्यायचा का, हे बीमच्या मागे काय आहे त्यावर ठरते. मागे त्याच पातळीवर अखंड स्लॅब असेल आणि वरच्या सळ्या बीमवरून आत पुरेशा लांब नेल्या असतील, तर बाहेरचे नमन आतला स्लॅब तोलतो आणि बीमला थोडाच पीळ उरतो. मागे जिन्याची मोकळी जागा, डक्ट किंवा खाली उतरवलेला टॉयलेटचा स्लॅब असेल, तर तोलणारे दुसरे कोणी नाही. तो पीळ समतोलासाठी आवश्यक असतो आणि तो टाळण्याची मुभा आयएस ४५६ हे काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक देत नाही. तुमच्या नकाशात रुंद टोकाच्या मागेच असा खाली उतरवलेला (सन्क) स्लॅब दिसतो. तिथे वरच्या सळ्या सरळ आत नेता येणार नाहीत. म्हणून मी इथे संपूर्ण पीळ बीमवरच धरला आहे.

याच संदर्भात एका सवयीबद्दल सांगितले पाहिजे. ईटॅब्स या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बीमची पिळाची ताठरता अगदी कमी, म्हणजे ०.०१ सारखी, ठेवायची आणि टॉर्शन नाहीसे करायचे अशी पद्धत अनेक कार्यालयांत रूढ आहे. आतल्या बीमांना ती योग्य आहे, कारण तिथला पीळ दोन बाजूंच्या स्लॅबांच्या असमान वाकण्यातून येतो आणि बीमला तडे गेले की तो ओसरतो. पण सरसकट सर्व बीमांना तो गुणक लावला की मागे स्लॅब नसलेल्या दर्शनी बीमचाही पीळ कागदावरून नाहीसा होतो; इमारतीतून तो जात नाही. अशा मॉडेलमध्ये त्या बीमचे फिरणे तपासले तर ते अवास्तव मोठे दिसते, आणि तीच खूण असते.

स्लॅब प्लेट किंवा शेल, म्हणजे वाकू शकणाऱ्या पातळ पृष्ठभागाच्या तुकड्यांचा, म्हणून मॉडेल करण्याचा पर्याय मी नाकारत नाही. कड फारच वेडीवाकडी असेल, मध्ये खाचा असतील, तर अर्ध्या मीटरच्या आसपासचे मेश (तुकड्यांची जाळी) घालून शेल वापरणे सोपे पडते आणि बाहेरच्या भागाचा भार व पीळ आपोआप बीमवर येतो. फक्त तीन गोष्टी पाहाव्यात. मेंब्रेन वापरू नये, कारण मेंब्रेनला वाकण्याविरुद्ध ताठरता नसते आणि बाहेर आलेल्या भागाला धरून ठेवणारे काहीच राहत नाही. प्लेटचे नोड बीमच्या नोडांशी खरोखर जुळले आहेत का ते तपासावे. आणि प्लेटचे वजन प्रोग्रॅम स्वतः धरत असेल, तर तेच ३.७५ पुन्हा भार म्हणून देऊ नयेत. ही चूक मी स्वतः सुरुवातीच्या काळात केली आहे आणि पाया अकारण मोठा काढला आहे. शिवाय शेल मॉडेलमध्ये स्लॅब बीमच्या नमनाचा काही वाटा स्वतःकडे घेतो, त्यामुळे बीमचे आकडे कमी दिसतात. तेवढी सळई स्लॅबमध्ये पडणार नसेल तर ते आकडे वापरणे धोक्याचे आहे.

आतल्या वेड्यावाकड्या पॅनेलांविषयी तुम्ही विचारले नाही, पण वाघमुखी प्लॉटवर ती टळत नाहीत. आयएस ४५६ च्या कलम २४.५ मध्ये काटकोनी स्लॅबसाठी ४५ अंशांच्या रेषांनी भार वाटण्याची आकृती आहे. कोपरा काटकोनी नसेल तर त्या कोनाची दुभाजक रेषा घ्यावी, तत्त्व तेच. त्रिकोणी पॅनेलमध्ये याचा हिशेब फार सुरेख होतो: तिन्ही दुभाजक अंतर्वर्तुळाच्या केंद्रात मिळतात, म्हणून तिन्ही बीमांवर त्रिकोणी भार येतो आणि तिन्हींची कमाल उंची सारखीच, म्हणजे भार गुणिले अंतर्त्रिज्या, असते. ३, ४ आणि ५ मीटर बाजूंच्या पॅनेलची अंतर्त्रिज्या एक मीटर आहे. चौरस मीटरला १ किलोन्यूटन दिला तर बीमांवर अनुक्रमे १.५, २.० आणि २.५ किलोन्यूटन येतात आणि बेरीज ६, म्हणजे पॅनेलचे क्षेत्रफळ. भाराचा शेंडा मात्र बीमच्या मध्यावर नसतो. पाच मीटरच्या बाजूवर तो एका टोकापासून दोन आणि दुसऱ्यापासून तीन मीटरवर येतो. प्रोग्रॅमने दाखवलेले चित्र याच्याशी ताडून पाहावे. आत वळलेला कोपरा असलेल्या पॅनेलमध्ये मात्र दुभाजकाचा नियम पुरत नाही. तिथे खरा बीम घालून पॅनेलचे दोन भाग करणे हाच प्रामाणिक उपाय आहे.

गोलाईलगतच्या काही इमारतींची कड कमानीसारखी वळते, तिथे सरळ तुकडे घेऊन चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. वक्रतेची त्रिज्या ३० मीटर आणि तुकडा ५ मीटर असेल, तर कमान सरळ रेषेपासून फक्त दहा सेंटिमीटर बाहेर जाते आणि सुटलेल्या भागाचा भार दोन किलोन्यूटनहून कमी असतो. तेवढे सोडून द्यावे. त्रिज्या ६ मीटर असेल तर तेच अंतर पंचावन्न सेंटिमीटर होते, १.८ चौरस मीटर क्षेत्र सुटते आणि नऊ किलोन्यूटन हरवतात. तिथे तुकडे लहान करावेत.

मॉडेल कोणत्याही पद्धतीने केलेले असो, एक चाचणी मी प्रत्येक मजल्यासाठी करतो. स्वतःचे वजन बंद करून एका वेगळ्या लोड केसमध्ये संपूर्ण मजल्यावर, बाहेरच्या भागासह, फक्त १ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर द्यावा. पायाशी येणाऱ्या उभ्या रिअॅक्शनची किलोन्यूटनमधली बेरीज ही मजल्याच्या चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाइतकी यायला हवी. कमी आली तर पॅनेल निसटले आहे, जास्त आली तर डक्टवर भार बसला आहे किंवा दोन मर्यादा एकमेकींवर आल्या आहेत. मात्र ही चाचणी तुमच्या डमी बीमांना पकडणार नाही, कारण तिथे बेरीज चुकलेली नाही, वाट चुकली आहे. त्यासाठी दर्शनी बीम एकटा निवडून त्यावरचा भार पाहावा लागतो.

हरवलेल्या भाराचा दुसरा परिणाम भूकंपाच्या हिशेबात होतो. आयएस १८९३ प्रमाणे इमारतीचे वजन काढताना कायमचा भार पूर्ण आणि ३ किलोन्यूटनपर्यंतच्या वापराच्या भाराचा २५ टक्के हिस्सा धरतात. बाहेरचा स्लॅब आणि कठडा मॉडेलमध्ये नसले तर वजन कमी होतेच, शिवाय वस्तुमानाचे केंद्र आत सरकते आणि इमारत आहे त्यापेक्षा संतुलित भासते. आपल्या भागात हे हलक्याने घेता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात जी घरे कोसळली, त्यांत जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या मातीचे वजन माणसांच्या अंगावर आले. त्या वेळी हा प्रदेश नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या झोनमध्ये आला. माळवदावर पिढ्यान्पिढ्या चढत गेलेल्या मातीचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. आपल्याकडे हिशेब ठेवण्याची साधने आहेत.

डिझाइन करण्यापूर्वी मालकाशीही बोलून घ्यावे. गॅलरी पुढे भिंत घालून खोलीत घेण्याचा विचार जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो. कडेवर २.७ मीटर उंच अर्ध्या विटेची भिंत आली तर ती मीटरला साडेसात किलोन्यूटन भरते आणि दीड मीटरच्या टोकाला तिचे नमन स्लॅबच्या स्वतःच्या नमनाच्या दुप्पट होते. गच्चीवरच्या टाक्यांचेही तसेच. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या २०१६ च्या उन्हाळ्यानंतर लातूरमध्ये जादा टाक्या बसवण्याकडे कल वाढल्याचे मला कामांवर दिसते, आणि पाइप खाली उतरवायला सोयीची म्हणून त्या गच्चीच्या कडेला ठेवल्या जातात. दोन हजार लिटरची भरलेली एक टाकी म्हणजे वीस किलोन्यूटन. तुमच्या संपूर्ण बाहेरच्या स्लॅबचा कायमचा भार बावीस आहे. टाक्यांची जागा कॉलमांजवळ ठरवून ती ड्रॉइंगवर दाखवावी.

आता शेवटचा प्रश्न, २३० × ४५० चालेल का. दोन्ही टोके कॉलमांत पक्की धरली तर ३१.४ पैकी १९.९ किलोन्यूटन-मीटर पीळ रुंद टोकाकडे जातो, आणि १.५ या सुरक्षा गुणकाने गुणल्यावर तो २९.८ होतो. आयएस ४५६ प्रमाणे पिळाचे रूपांतर कातरबलात (शिअरमध्ये) करताना १.६ ने गुणून रुंदीने भागायचे. २३० रुंदीला ते २०७ किलोन्यूटन येते. त्यात बाहेरचा भार, कठडा आणि बीमचे वजन यांचे सुमारे ५० मिळवले की २५७ होतात, आणि ४१० मिलिमीटर परिणामकारक खोली धरल्यास कातरताण २.७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरवर जातो. एम २० प्रतीच्या काँक्रीटची कमाल मर्यादा २.८ आहे, आणि यात आतल्या स्लॅबचा भार अजून धरलेलाच नाही. तो धरल्यावर हा बीम बसणार नाही, आणि मर्यादा ओलांडल्यावर रिंगा जवळ घेऊनही उपयोग होत नाही, छेदच वाढवावा लागतो. रुंदी ३०० केली तर तोच ताण १.७ च्या आसपास येतो आणि आतल्या भारासाठी जागा उरते. भिंत २३० ची असल्यामुळे बीम दिसेल अशी हरकत आर्किटेक्ट घेतील. तो जादा भाग बाहेरच्या, गॅलरीच्या बाजूला काढावा. रिंगा पूर्ण बंद, १३५ अंशांच्या हुकाच्या असाव्यात, बीमच्या चारही कोपऱ्यांत सळई हवी आणि वरखालच्या सळ्या कॉलममध्ये पूर्ण विकास लांबीने (सळई निसटू नये इतक्या लांबीने) अडकवाव्यात. सेंटरिंग लागलेले असले तरी या एका बीमची खालची फळी सत्तर मिलिमीटरने रुंद करणे एका दिवसाचे काम आहे. सुधारित ड्रॉइंग स्लॅबच्या किमान तीन दिवस आधी साइटवर पोहोचेल असे पाहा आणि जुनी प्रत परत घ्या.